धूर जनरेटरचा, आळ पोराचा

यंत्र बिघडले की पहिला संशय यंत्रावर घेतला जात नाही, तो माणसावर घेतला जातो. आणि माणसांमध्येही तो वरून खाली उतरत उतरत सर्वात खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाजवळ येऊन थांबतो. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. गेली एकतीस वर्षे मुंबई बंदरातल्या बार्ज, टग आणि लाँच यांची डिझेल इंजिने मी खोलतो आणि जोडतो, आणि प्रत्येक इंजिनरूममध्ये हेच पाहत आलो आहे. आज एका ३० केव्हीएच्या जनरेटरविषयी लिहितो आहे. त्यात माझीही चूक आहे. ती आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे मिस्त्री स्वतःचीच टिमकी वाजवतो आहे असे कोणाला म्हणायला नको.

हा जनरेटर एका कोळसा वाहणाऱ्या बार्जवर आहे. मोठे जहाज बाहेर समुद्रात नांगर टाकून उभे राहते, त्यातला माल बार्जमध्ये उतरवतात आणि बार्ज धरमतरच्या खाडीत वर जाऊन जेट्टीला लागते. बार्जवर आठ माणसे राहतात. सारंग, ड्रायव्हर, खलाशी, जेवण करणारा भंडारी आणि सर्वात शेवटी इंजिनरूममधला ग्रीझर. या सगळ्यांच्या झोपायच्या खोल्या मागच्या बाजूला, बरोबर इंजिनरूमच्या डोक्यावर. मोठे इंजिन बार्ज चालवते, पण दिवा, पंखा, फ्रिज, वायरलेस, बॅटरीचे चार्जिंग, पिण्याच्या पाण्याचा पंप हे सगळे जनरेटरवर. म्हणजे मोठे इंजिन बंद असले तरी जनरेटर चालूच. दिवसाचे वीस-बावीस तास. त्याने धूर सोडला तर तो धूर या आठ माणसांच्या उशाशी येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला, हे बार्जवर कोणाला माहीत नसते. सकाळी उठल्यावर थुंकी काळी पडते, एवढे सगळ्यांना माहीत असते.

मार्च महिन्यात शेठचा फोन आला. "मिस्त्री, जनरेटर धूर मारतोय, बघून जा." मी गेलो. सकाळची वेळ होती. चालू केल्या केल्या पांढरा धूर, डोळे झोंबणारा. मी नोझल काढल्या, टेस्टरवर लावल्या. चारपैकी तीन नोझल फवारा न मारता पिचकारी मारत होत्या, एक तर थेंब थेंब गळत होती. चारही नवीन टाकल्या, दाब २०० किलोवर लावला, चालू केले, धूर सत्तर टक्के कमी. शेठ खूश, मी खूश. तासाभरात पैसे घेऊन लाँचने भाऊच्या धक्क्यावर परत.

इंजिनरूममध्ये तेव्हा तो पोरगा उभा होता, ग्रीझर. वय बावीस-तेवीस. जालना जिल्ह्यातला, आयटीआयचा डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा कोर्स केलेला. दीड वर्षापूर्वी बार्जवर चढेपर्यंत त्याने समुद्र पाहिला नव्हता. तो मला दोनदा म्हणाला, "काका, एक सांगू का?" मी म्हणालो, "आधी तेरा नंबरचा पाना दे." त्याने पाना दिला. त्याचे सांगायचे राहूनच गेले.

मे महिन्यात शेठचा पुन्हा फोन. या वेळी आवाज वेगळा. "मिस्त्री, नोझल नवीन टाकून दोन महिने नाही झाले, पुन्हा तोच धूर. आता तेलही पितोय. मला कळलंय काय भानगड आहे ती. पोरगा डिझेल विकतोय आणि त्यात रॉकेल घालतोय. तुम्ही फक्त येऊन तेवढं सांगा."

म्हणजे निकाल तयार होता. मिस्त्रीला बोलावले होते ते सही करायला.

बार्जवर चढलो तेव्हा कळले की पोराचा दोन महिन्यांचा पगार अडवून ठेवला आहे. दुरुस्तीचा खर्च त्यातून कापणार आणि नंतर त्याला उतरवून देणार. बार्जवरून चोरीचा आळ घेऊन उतरलेल्या पोराला या बंदरात दुसरी बार्ज मिळत नाही. सगळे सारंग एकमेकांना ओळखतात. पोरगा कोपऱ्यात उभा होता, या वेळी "एक सांगू का" असे म्हणाला नाही. इंजिनरूमच्या दारावर नवे लिंबू-मिरची टांगलेले होते. धुराने लिंबू काळे पडले होते.

आता मुद्द्याचे बोलू. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, दाबलेली हवा इतकी तापते की त्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. एवढेच त्याचे मर्म आहे. म्हणून धूर येतो तेव्हा प्रश्न तीनच असतात. हवा पुरेशी आली का? ती पुरेशी दाबली गेली का? आणि डिझेल योग्य वेळी, योग्य प्रमाणात, बारीक होऊन फवारले गेले का? धुराचा रंग त्याचे अर्धे उत्तर देतो. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, किंवा यंत्रावर ताकदीबाहेरचा भार. निळसर धूर म्हणजे वंगणाचे तेल जळते आहे. पांढरा, झोंबणारा, हवेत रेंगाळणारा धूर म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडते आहे. पांढरे पण लगेच विरून जाणारे असेल तर ती वाफ, मग पाणी कुठून शिरले ते शोधायचे.

आमच्या जनरेटरचा धूर सकाळी पांढरा आणि दुपारनंतर निळसर. काळा जवळजवळ नाहीच. आता विचार करा. रॉकेल घातले तर काय होईल? रॉकेल डिझेलपेक्षा पातळ. पंपाला आणि नोझलला वंगण कमी मिळेल, काही महिन्यांनी पंप झिजेल, ताकद थोडी उतरेल. पण दुपारी निळा धूर कसा येईल? रॉकेल वंगणाचे तेल जाळत नाही. म्हणजे रंग पाहिल्याबरोबर शेठचा आरोप लंगडा पडायला पाहिजे होता. पण "मला असे वाटते" हे उत्तर आरोपाला पुरत नाही. आरोप वाटण्यावर केला म्हणून त्याचे उत्तरही वाटण्यावर द्यायचे, हे मला मान्य नाही. मोजले पाहिजे.

टाकीच्या तळाचे डिझेल काचेच्या बरणीत काढले आणि रात्रभर ठेवले. सकाळी खाली पाण्याचा एक थेंब नाही, गाळ नाही. घनता मोजली. डिझेलची घनता १५ अंश तापमानाला साधारण ८२० ते ८४५ च्या दरम्यान असते, रॉकेलची त्याहून कमी. आमची तापमानाचा हिशेब करून ८३२ आली. थोडीशी भेसळ या मोजणीत पकडता येत नाही हे खरे, पण शेठ म्हणत होता तशी अर्धी अर्धी भेसळ असती तर काटा लपला नसता. शेठला बरणी दाखवली. तो म्हणाला, "हे नवीन भरलेलं डिझेल असेल." माणसाला निकाल आवडलेला असला की पुरावा कसा आवडणार?

मग एअर फिल्टर पाहिला, स्वच्छ. एवढा स्वच्छ फिल्टर मी बार्जवर क्वचित पाहतो. एक्झॉस्टचा पाइप पाहायला गेलो आणि तिथे पहिली खरी खूण सापडली. सायलेन्सरच्या फ्लँजमधून डांबरासारखा काळा, चिकट ओघळ खाली आला होता. बोट लावले, वास घेतला. अर्धे कच्चे डिझेल, अर्धे वंगण. हा ओघळ ज्याने आयुष्यात एकदा पाहिला तो विसरत नाही. मीही विसरलो नव्हतो, पण मार्चमध्ये मी सायलेन्सरकडे वळूनच पाहिले नव्हते.

नोझल काढून कॉम्प्रेशन गेज लावले. चांगल्या अवस्थेत हे इंजिन २६ किलोच्या आसपास दाब देते. पहिला सिलिंडर २४, दुसरा १७, तिसरा १६, चौथा २२. मधले दोन मेलेले. दाब जातो कुठे हे शोधायची एक साधी, स्वस्त आणि माझ्या फार आवडीची पद्धत आहे. पिस्टन वरच्या टोकाला आणायचा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना नोझलच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि कान लावायचा. एअर फिल्टरकडून फुसफुस आली तर आतला व्हॉल्व्ह गळतो. सायलेन्सरमधून आली तर बाहेरचा. पाण्याच्या टाकीत बुडबुडे आले तर हेडचे गॅसकेट. आणि तेल भरायच्या झाकणातून आली तर रिंगा. मी पोराला हाक मारली. "ये, झाकणापाशी कान लाव." तो वाकला, हवा सोडली, आणि तो म्हणाला, "काका, इथून येतंय." मी म्हणालो, "सारंगमामांना पण ऐकव." सारंग रत्नागिरीकडचा, साठीला आलेला, कमी बोलणारा. त्याने कान लावला, मान हलवली आणि वर निघून गेला. पण जाताना पोराच्या खांद्यावर थाप मारून गेला.

रिंगा गेल्या हे कळले. पण का गेल्या? शेठ लगेच म्हणाला, "तेल बदललं नसणार याने. तेलाचे पैसेही खाल्ले." आरोप बदलला, आरोपी तोच. वर एक वाक्य टाकले, "असल्या पोरांना ठेवलं की असंच होतं."

मी विचारले, "असल्या म्हणजे कसल्या, शेठ?"

त्याने उत्तर दिले नाही. इंजिनरूममध्ये तिघेच होतो, आणि तिघांनाही प्रश्न कळला होता.

मी पोराला विचारले, "मार्चमध्ये तू मला काय सांगणार होतास?" तो आत गेला आणि एक शाळेची शंभर पानी वही घेऊन आला. ही वही वाचकांनी पाहायला हवी होती. रोजची तारीख, जनरेटर किती तास चालला, तेल किती घातले, तेल आणि फिल्टर कधी बदलला, पाण्याचे तापमान, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. पेन्सिलीने, सुवाच्य अक्षरात. कंपनीने ठेवायला दिलेले लॉगबुक कोरे होते, कारण ते ड्रायव्हरच्या ताब्यात. ही वही पोराने स्वतःहून ठेवलेली. तेल दर अडीचशे तासांनी बदललेले. आणि शेऱ्याच्या रकान्यात ऑगस्टमध्ये लिहिले होते: "वॉशिंग पंप काढला." ऑक्टोबरमध्ये: "सकाळी पांढरा धूर, डोळे जळतात." डिसेंबरमध्ये: "सायलेन्सरला काळा ओघळ." जानेवारीपासून रोजचे तेल वाढत गेलेले.

मी ती पाने दोनदा वाचली आणि खाली बसलो. कारण सगळे उत्तर तिथे लिहिलेले होते, मी पाना मागितला त्या दिवशीही.

वॉशिंग पंप म्हणजे मालाची जागा धुवायचा विजेवरचा पंप, दहा अश्वशक्तीचा. रोज तीन-चार तास चालायचा. मागच्या पावसाळ्यात शेठने तो काढून डिझेलचा सुटा पंप बसवला. म्हणजे जनरेटरवर उरले काय? दिवे, पंखे, फ्रिज, चार्जर. मी क्लॅम्प मीटर लावून मोजले, तिन्ही फेज मिळून सव्वादोन किलोवॅट. ३० केव्हीएचा जनरेटर २४ किलोवॅटचा बोजा ओढण्यासाठी केलेला असतो. त्याला दहावा हिस्साही काम नव्हते, आणि असे तो नऊ महिने, रोज वीस तास चालला होता.

सामान्य माणसाला वाटेल की कमी काम म्हणजे यंत्राला आराम. डिझेल इंजिनाला नेमका हाच आराम मारतो. पिस्टनची रिंग स्वतःच्या ताणाने थोडीच दाबली जाते, तिला खरे दाबून धरतो तो जळलेल्या वायूचा दाब, जो रिंगेच्या मागे शिरतो. काम नसले की जाळ कमी, दाब कमी, उष्णता कमी. रिंग लायनरला नीट चिकटत नाही. वंगणाचे तेल वर चढते, अर्धवट जळलेले डिझेल खाली उतरते, आणि दोन्ही मिळून लायनरच्या भिंतीवर वार्निशसारखा थर भाजला जातो. लायनरवर मुद्दाम तिरप्या बारीक रेघा कोरलेल्या असतात, तेल धरून ठेवायला. त्या रेघा या थराने भरून जातात आणि भिंत काचेसारखी गुळगुळीत होते. मग रिंग आणखी घसरते, तेल आणखी वर जाते, रिंगेच्या खाचेत कार्बन साठून रिंग तिथेच अडकून बसते. नवीन नोझल टाकल्या की फवारा सुधारतो, धूर काही दिवस कमी होतो, आणि मिस्त्री पैसे घेऊन घरी जातो. रोग आत तसाच राहतो.

पण एवढ्याशा कामासाठी ३० केव्हीएचे यंत्र बार्जवर बसवलेच कोणी? मी. पाच वर्षांपूर्वी शेठला घेऊन मीच रे रोडला दारूखान्यात गेलो होतो. (दारूखाना ऐकून लोक हसतात. ही दारू बंदुकीची.) तोडलेल्या जहाजांचे सामान तिथे गल्लोगल्ली रचलेले असते, पंप, होकायंत्रे, दोरखंड, अख्खी इंजिने. तिथे हा जनरेटर मिळाला, चालू अवस्थेत, दहा केव्हीएच्या नव्या यंत्राच्या निम्म्या किमतीत. मी शेठला म्हणालो होतो, "मोठं आहे, पुढे कामाला येईल." मोठे म्हणजे चांगले, हा समज माझ्यासारख्या तीस वर्षांच्या मिस्त्रीच्या डोक्यातही बसलेला असतो. पंप होता तोवर रोज तीन-चार तास तरी यंत्राला घाम येत होता, त्यामुळे माझी चूक झाकली गेली. पंप काढला आणि ती उघडी पडली, ती त्या पोराच्या अंगावर.

इंजिन खोलायचे ठरले. दुसऱ्या एका मिस्त्रीने शेठला इंजिनच भंगारात टाकून नवे घ्यायचा सल्ला दिला होता. मी म्हणालो, आधी हेड काढू, मग बोलू. आणि अट घातली की हेड उघडताना शेठने समोर हजर राहायचे आणि टॉर्च पोरगा धरील.

हेड काढले. मधल्या दोन पिस्टनच्या डोक्यावर ओला, चिकट कार्बन. पिस्टन वर ओढून काढले तर दुसऱ्या-तिसऱ्याच्या वरच्या दोन-दोन रिंगा खाचेत चिकटलेल्या, नखाने हलेनात. लायनरमध्ये टॉर्च मारला तर आरसा. आता महत्त्वाची मोजणी. बोअर गेज लावून लायनर वर, मध्ये, खाली, आडवा-उभा मोजला. झीज मिलिमीटरच्या पाच शतांशांच्या आत. म्हणजे लायनर झिजलेला नव्हताच. घाणेरड्या तेलावर किंवा फिल्टर न बदलता इंजिन चालवले असते तर धुळीने, कचऱ्याने लायनर खाल्ला गेला असता, वरच्या टोकाला नख अडकेल अशी कड पडली असती. इथे कड नाही. मग कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगच्या वाट्या काढल्या. तेलाची हयगय झाली असेल तर तिथे ती लपत नाही, ओरखडे पडतात, तांबडा थर उघडा पडतो. आमच्या वाट्या एकसारख्या करड्या, एक ओरखडा नाही. एक वाटी मी शेठच्या हातात दिली.

"ही बघा. तेल न बदलणाऱ्याच्या इंजिनातली वाटी अशी नसते. या पोराने तेल वेळेवर बदललं, फिल्टर वेळेवर साफ केला, म्हणून तुमचा क्रँक आज वाचला. नाहीतर ते नवीन इंजिन खरंच घ्यावं लागलं असतं."

शेठने वाटी उलटसुलट केली. "मग चूक कोणाची?"

इथे गप्प बसणे सोपे होते. यंत्र जुने आहे, समुद्राची हवा आहे, असे काहीही म्हणता आले असते. शेठचे काम मला वर्षानुवर्षे मिळते आहे. पण टॉर्च धरून तो पोरगा समोर उभा होता. मी म्हणालो, "पंप काढायचा निर्णय तुमचा. एवढं मोठं यंत्र घ्यायचा सल्ला माझा. आणि मार्चमध्ये याचं ऐकून न घेता नोझल बदलून गेलो, तोही मीच."

शेठ थोडा वेळ पाहत राहिला आणि मग हसला. म्हणाला, "मग बिल अर्धं करा मिस्त्री." मी मजुरी अर्धी केली. याचा मला पश्चात्ताप नाही, पण एक गोष्ट नोंदवून ठेवतो. चूक माझी निघाली तेव्हा मला हसून अर्धी मजुरी मिळाली. चूक पोराची समजली गेली तेव्हा चौकशीशिवाय त्याचा अख्खा पगार गेला होता.

पुढचे काम फिटरचे, ते लवकर सांगतो. लायनर बदलले नाहीत. घासणीच्या ब्रशने थर काढून तिरप्या रेघा पुन्हा पाडल्या, आणि नंतर साबणाच्या पाण्याने, पांढऱ्या फडक्यावर डाग उमटेनासा होईपर्यंत धुतले. हे धुणे पुष्कळ जण टाळतात आणि घासणीची पूड नव्या रिंगांना खाते. प्रत्येक नवी रिंग आधी लायनरमध्ये एकटी बसवून तिच्या दोन टोकांतली फट फीलर गेजने मोजली, मग पिस्टनवर चढवली, तोंडे वेगवेगळ्या दिशांना ठेवून. ही मोजणी मी पोराला करायला लावली. त्याने बारा रिंगांची फट वहीत लिहिली. हेड दाबाखाली तपासून आणले, चीर नव्हती. व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासले. खोललेच आहे म्हणून वाट्या नव्या टाकल्या. हेडचे बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने. समुद्राच्या पाण्याच्या पंपातल्या रबरी चक्राच्या दोन पात्या तुटल्या होत्या, त्यांचे तुकडे हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी सापडले, तेही काढले.

आता खरी अडचण. नव्या रिंगा लायनरला बसायच्या तर पहिल्या काही तासांत इंजिनावर चांगला बोजा पाहिजे. "नवीन काम केलंय, जरा हळू, रिकामं चालवा" असे लोक प्रेमाने म्हणतात आणि त्याच प्रेमाने लायनर पुन्हा काच होतो. बार्जवर तर बोजा सव्वादोन किलोवॅट. कार्यशाळेत आम्ही पिंपात मिठाचे पाणी घालून त्यात लोखंडी पट्ट्या सोडतो आणि वीज पाण्यात जाळतो, पण हलत्या डेकवर, ओल्या पायांनी फिरणाऱ्या माणसांत ते मी करणार नाही. शेवटी शिवडीच्या एका मंडपवाल्याकडून हजार-हजार वॉटचे अठरा हॅलोजन भाड्याने आणले. एका फेजवर सहा. आधी नऊ लावले, तासाभराने बारा, मग अठराही. बार्ज खाडीच्या तोंडाशी नांगरावर होती, रात्रीचे आठ वाजलेले, आणि डेकवर लग्नाच्या मांडवासारखा लखलखाट. बाजूने जाणाऱ्या होडीतला एक जण ओरडला, "कोणाचं लगीन हाय?" भंडारी ओरडून म्हणाला, "जनरेटरचं!"

पहिला अर्धा तास धूर आला, ते जोडताना लावलेले तेल. मग करडा झाला, मग पातळ. साडेनऊच्या सुमारास मी चिमणीच्या तोंडाशी पांढरा रुमाल धरला, आणि नंतर तो शेठला दाखवायला खिशात ठेवला. पोरगा चिमणीकडे न बघता तेल भरायच्या झाकणाकडे गेला, ते उघडून त्यावर हाताचा पंजा धरला, आणि म्हणाला, "काका, खालून फुंकर नाही." हे त्याला मी शिकवले नव्हते.

राहिला प्रश्न पुढचा. अठरा हॅलोजन रोज लावता येत नाहीत. मी शेठला सांगितले की रात्रीच्या दिव्या-पंख्यांसाठी पाच केव्हीएचा लहान जनरेटर घ्या आणि हा मोठा फक्त जड कामाला ठेवा. धुरात झोपणाऱ्या माणसांचा विषय काढला, तो त्याने ऐकून घेतला. मग मी कागदावर मांडले: मोठे यंत्र एवढा कमी बोजा ओढतानाही तासाला अडीच लिटर पिते, लहान एक लिटरभर, वीस तासांचा फरक तीस लिटर, रोज. तो कागद त्याने घडी करून खिशात ठेवला. महिनाभरात लहान जनरेटर आला.

पोराचा पगार? सारंग मध्ये पडला. "वही माझ्यासमोर रोज लिहितो तो," एवढेच तो शेठला म्हणाला. एक महिन्याचा पूर्ण मिळाला, दुसऱ्याचा अर्धा. उरलेल्या अर्ध्याविषयी मी दोनदा विचारले, दोनदा "बघू" हे उत्तर मिळाले. तिसऱ्यांदाही विचारणार आहे. पोराने मात्र दिवाळीनंतर ती बार्ज सोडली. चोरीचा आळ पुसला गेला तरी तो ज्यांनी घेतला त्यांच्या ताटाला ताट लावून जेवायचे, हे त्याला जमले नसावे. मी विचारले नाही.

परवा त्याचा फोन आला. दुसऱ्या एका टगवर आहे. "काका, इथला जनरेटर ६२ केव्हीएचा आहे, आणि रात्री फक्त दिवे आणि एक एसी. सायलेन्सर कोरडा आहे अजून. पण ड्रायव्हरसाहेब म्हणतात, तुला काय कळतंय."

"किती अँपिअर ओढतोय?"

"माहीत नाही. क्लॅम्प मीटर नाही इथे."

माझा जुना मीटर आहे, काच तडकलेला, पण काटा बरोबर दाखवतो. उद्या सकाळच्या लाँचने पाठवतो आहे.